खिशाचे भेटकार्ड : घडी, कागद आणि आतली वस्तू

खिशाचे भेटकार्ड म्हणजे जाड कागदाला घड्या घालून तयार केलेले असे शुभेच्छापत्र, की ज्याच्या आतल्या बाजूस त्याच कागदाचे एक किंवा अधिक खिसे असतात आणि त्या खिशांत चिठ्ठी, छायाचित्र, वाळवलेले पान, राखी किंवा हलव्याची पुडी यांसारखी लहानशी वस्तू राहू शकते. साध्या घडीच्या कार्डावर मजकूर असतो आणि तो वाचून झाला की कार्डाचे काम संपते. खिशाच्या कार्डात मजकुराबरोबर एक वस्तूही पोहोचते आणि ती काढून घेतल्यावरही खिसा पुढील उपयोगासाठी शिल्लक राहतो. त्यामुळे असे कार्ड तयार करताना सजावटीचा विचार नंतर आणि आत काय ठेवायचे आहे याचा विचार आधी करावा लागतो, कारण खिशाचे माप, कागदाची जाडी, घडीची जागा आणि चिकटवण्याची पद्धत ही सर्व त्या वस्तूवरून ठरतात. हाताने केलेली अनेक कार्डे पहिल्याच हाताळणीत फाटतात, फुगतात किंवा नीट मिटत नाहीत, याचे मुख्य कारण हा क्रम उलटा झालेला असतो हे आहे.

इंदूर आणि महू यांच्या दरम्यान, आग्रा-मुंबई मार्गावर वसलेले राऊ हे या विषयाचा विचार करण्यास योग्य ठिकाण आहे. होळकरांच्या राज्यामुळे इंदूर परिसरात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी माळव्याच्या चालीरीती आपल्याशा केल्या, तरी संक्रांतीचा तिळगूळ, दसऱ्याचे सोने आणि लग्नाच्या अक्षता घरात जपल्या; आणि या तिन्ही प्रथांत शुभेच्छा एखाद्या वस्तूच्या सोबतीने दिली जाते. शिवाय या कुटुंबांची नातीगोती पुणे, मुंबई, नागपूर अशी दूरवर पसरलेली असल्याने शुभेच्छा कागदात घालून पाठवण्याची गरज त्यांना गावातल्या गावात राहणाऱ्यांपेक्षा अधिक भासली, हेही स्वाभाविक आहे.

शुभेच्छेबरोबर जाणारी वस्तू

मराठी घरांत शुभेच्छा सहसा नुसत्या शब्दांनी दिली जात नाही. संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवूनच गोड बोलण्याची विनंती केली जाते; दसऱ्याला आपट्याचे पान सोने म्हणून दिले जाते; लग्नाचे आमंत्रण देताना कुंकू लावलेले तांदूळ, म्हणजे अक्षता, पत्रिकेसोबत दिल्या जातात; आणि अहेराच्या पाकिटात शंभर किंवा पाचशे रुपयांच्या नोटेवर एक रुपया वाढवून रक्कम १०१ किंवा ५०१ केली जाते. हा वरचा रुपया विसरू नये म्हणून बाजारातील अहेराच्या पाकिटांवर एक रुपयाचे नाणे आधीच चिकटवलेले असते. पाकिटाच्या कागदी बनावटीत प्रथेने केलेला हा बदल लहान असला तरी महत्त्वाचा आहे, कारण वस्तूसाठी कागदाने आपला आकार कसा बदलावा याचे ते रोज दिसणारे उदाहरण आहे.

दूरच्या नातेवाइकांना तिळगूळ प्रत्यक्ष देता येत नसे, म्हणून संक्रांतीच्या सुमारास लहान छापील शुभेच्छापत्रासोबत हलव्याचे किंवा तिळाचे थोडे दाणे पाकिटात घालून टपालाने पाठवण्याची पद्धत मराठी कुटुंबांत दीर्घकाळ होती. राखीच्या बाबतीत आजही तसेच घडते. बहिणीने पाठवलेली राखी, तिच्यासोबत कुंकू-अक्षतांची चिमूटभर पुडी आणि चार ओळींची चिठ्ठी असे तीन जिन्नस एकाच पाकिटात असतात, आणि टपाल खाते राखीसाठी पाण्याने न भिजणारी खास पाकिटे विक्रीला ठेवते. या सर्व उदाहरणांत वस्तू व मजकूर पाकिटात सुटे पडलेले असतात आणि पाकीट फोडताच दाणे सांडतात किंवा कुंकू चिठ्ठीवर पसरते. खिशाचे कार्ड ही अडचण दूर करते; ते वस्तूला तिची जागा देते आणि मजकुराला त्याची.

राऊच्या शेजारच्या महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म झाला. त्यांच्या जयंतीच्या दिवशी एकमेकांना दिल्या जाणाऱ्या शुभेच्छापत्राच्या खिशात भारतीय संविधानाच्या उद्देशिकेची सुंदर हस्ताक्षरात लिहिलेली प्रत ठेवता येते. खिशात ठेवायची वस्तू नेहमी पारंपरिकच असावी असे नाही. प्रसंगाचा अर्थ जीत सामावतो अशी कोणतीही सपाट व हलकी वस्तू त्या खिशाला योग्य ठरते.

खलित्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत

पत्राला वेगळे आवरण आणि त्या आवरणाला मान, ही कल्पना हिंदुस्थानातील दरबारी पत्रव्यवहारात फार पूर्वीपासून रूढ होती. राजेरजवाडे व मोठे अधिकारी यांच्यातील औपचारिक पत्र घडी घालून तलम कापडाच्या आणि त्यावर किनखाबाच्या, म्हणजे जर व रेशीम यांच्या विणीच्या, पिशवीत ठेवले जाई आणि पिशवीचे तोंड दोरीने बांधून लाखेची मोहोर लावली जाई. अशा पत्राला खलिता किंवा खरिता म्हणत. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूर झाली आणि १८५४ मध्ये मध्य हिंदुस्थानातील संस्थानांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटिश एजन्सीचे मुख्य ठाणेही इंदुरातच स्थापन झाले, त्यामुळे खलित्यांच्या देवाणघेवाणीचा हा शिरस्ता या शहराच्या चांगल्या परिचयाचा होता. पिशवीच्या वस्त्रावरून पाठवणाऱ्याचा दर्जा व पत्राचे महत्त्व पत्र उघडण्याआधीच लक्षात येत असे.

छापील शुभेच्छापत्राचा इतिहास त्या मानाने अलीकडचा आहे. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्सली यांच्याकडून नाताळचे एक कार्ड काढून घेतले आणि त्याच्या सुमारे एक हजार प्रती छापल्या. व्यापारी तत्त्वावर निघालेले हे पहिले नाताळकार्ड मानले जाते. मुलांच्या कल्याणासाठी निधी उभारण्याचे साधन म्हणूनही शुभेच्छापत्रांचा उपयोग झाला; युनिसेफने १९४९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील एका लहान मुलीच्या चित्रावरून आपले पहिले कार्ड काढले, तर मुंबईत १९७९ मध्ये रिपन कपूर यांनी स्थापन केलेल्या ‘क्राय’ या संस्थेची कार्डे भारतातील सुशिक्षित घरांत अनेक वर्षे वापरली गेली. भ्रमणध्वनीवरील संदेशांमुळे छापील कार्डांची विक्री घटली, परंतु ज्या कार्डात वस्तू असते त्याची जागा संदेश घेऊ शकत नाही, आणि हाताने केलेल्या खिशाच्या कार्डाचे आजचे महत्त्व यातच आहे.

भारतात खिशाचे कार्ड सर्वांत अधिक प्रमाणात दिसते ते मात्र लग्नपत्रिकेच्या रूपात. जाड कागदाचे आवरण, त्याच्या आत खिसा आणि खिशात साखरपुडा, हळद, विवाह व स्वागतसमारंभ यांसाठी वेगवेगळी सुटी पाने, अशी पत्रिकांची रचना आता सर्वत्र रूढ आहे. इंदूर परिसरात पहिली पत्रिका खजराना येथील गणपतीपुढे ठेवण्याची प्रथा आहे. समारंभ पार पडल्यावर घरात साठलेल्या पत्रिका टाकून देताना, विशेषतः त्यांच्यावर गणपतीचे चित्र असल्यास, लोकांचे मन कचरते. त्यामुळे या पत्रिकांचा जाड व उत्तम कागद कपाटात पडून राहतो. खिसे, चिठ्ठ्या आणि पाकिटांचे अस्तर यांसाठी तो अतिशय योग्य असतो, आणि गणपतीचे चित्र कापून नव्या कार्डाच्या दर्शनी भागावर लावल्यास त्याचा मानही राहतो.

कागदाची निवड

कागदाची जाडी व्यवहारात त्याच्या वजनावरून सांगितली जाते. एक चौरस मीटर कागदाचे जे वजन ग्रॅममध्ये भरते त्याला दुकानदार ‘जीएसएम’ म्हणतात. वहीचा किंवा छायाप्रतीचा कागद सामान्यतः ७० ते ८० जीएसएमचा असतो, तर कार्डासाठी २०० ते २५० जीएसएमचा कागद घ्यावा. याहून पातळ कागदाचे कार्ड उभे राहत नाही आणि याहून जाड कागदाची घडी नीट बसत नाही. इंदुरात राजवाड्याजवळच्या खजुरी बाजारात पुस्तके, वह्या व कागद यांची दुकाने आहेत आणि तेथे असा कागद सुट्या तावांच्या रूपात मिळू शकतो.

जाडीइतकीच महत्त्वाची असते कागदाची धार, म्हणजे त्यातील तंतूंची दिशा. यंत्रावर कागद तयार होताना लगदा एकाच दिशेने वेगाने पुढे सरकतो आणि बहुतेक तंतू त्या दिशेला समांतर लागतात. या दिशेला समांतर घातलेली घडी गुळगुळीत व सरळ पडते. तिला काटकोनात घातलेल्या घडीत तंतू मोडतात, घडीच्या रेषेवर तडे दिसतात आणि रंगीत कागदाच्या आतला पांढरा भाग उघडा पडतो. दिशा ओळखण्यासाठी कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हळूच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करून वाकतो, तेव्हा पडणाऱ्या वळणाची रेषा तंतूंना समांतर असते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे फाटते, त्याचे कारणही हेच आहे.

हातकागदात ही अडचण कमी असते. हातकागद तयार करताना लगदा साच्यात उचलून साचा दोन्ही दिशांनी हलवला जातो, त्यामुळे तंतू सर्व दिशांना गुंततात आणि कागद कोणत्याही बाजूने सारखाच दुमडतो. त्याच्या खडबडीत कडाही साच्यामुळेच येतात व कार्डाला न कापता वापरल्यास शोभा देतात. महाराष्ट्रात या कलेची परंपरा जुनी आहे. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली त्या काळाशी ज्याचा संबंध जोडला जातो ते कागजीपुरा हे दौलताबादजवळचे गाव कागदी कारागिरांच्या वस्तीसाठी प्रसिद्ध आहे, आणि जुन्नरचा कागदही मराठ्यांच्या दफ्तरांत वापरला जाई. पुण्यात गांधीजींच्या ग्रामोद्योगविचारातून १९४० मध्ये हातकागद संस्था उभी राहिली. तेथे कापडाच्या सुती चिंध्यांपासून कागद तयार करण्याची पद्धत जोपासली गेली. चिंध्यांतील कापसाचे तंतू लांब व चिवट असल्यामुळे या कागदाचा खिसा सहज फाटत नाही, आणि त्याला लाकडाच्या स्वस्त लगद्यापासून केलेल्या कागदासारखा पिवळेपणाही लवकर येत नाही.

एका कागदाचे दोन खिसे

खिशाच्या कार्डाचा सर्वांत साधा आणि टिकाऊ प्रकार ए-४ आकाराच्या एकाच कागदापासून होतो. हा कागद २९७ मिलिमीटर लांब व २१० मिलिमीटर रुंद असतो. तो आडवा ठेवावा, म्हणजे लांब कडा आपल्यासमोर येते. खालच्या कडेपासून ६० मिलिमीटरवर एक आडवी रेषा आणि मध्यभागी एक उभी रेषा पेन्सिलने हलक्या हाताने आखावी. खालची ६० मिलिमीटरची पट्टी वर दुमडली जाऊन तिचे खिसे होतील, आणि उभ्या रेषेवर कार्ड मिटेल. मिटलेल्या कार्डाचे माप सुमारे १४८ मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर उंच, म्हणजे जवळजवळ चौरस, येते.

येथे दोन घड्या परस्परांना काटकोनात आहेत, त्यामुळे कागदाची धार दोघींनाही अनुकूल असू शकत नाही. खालची घडी एकदाच घालायची असते, तर मधली घडी कार्ड उघडताना व मिटताना पुन्हापुन्हा हलते. म्हणून धार मधल्या उभ्या घडीला समांतर येईल असा कागद निवडावा. कागद कापून घ्यायचा असल्यास ही दिशा कापण्यापूर्वीच पाहून ठेवावी.

यानंतरची पायरी अनेकदा वगळली जाते, पण कार्ड नीट मिटणे तिच्यावरच अवलंबून असते. पट्टी वर दुमडल्यावर मधल्या घडीच्या खालच्या भागात कागदाचे दोन थर एकावर एक येतात आणि मिटताना आतल्या थराला बाहेरच्या थरापेक्षा कमी जागा मिळते. ती जागा न मिळाल्याने आतला थर चुरगळतो आणि कार्ड फुगते. म्हणून पट्टी दुमडण्याआधी तिच्या मध्यभागी, उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंस दोन-दोन मिलिमीटर धरून, खालच्या कडेपासून आडव्या रेषेपर्यंत चार मिलिमीटर रुंदीचा तुकडा कापून काढावा. यामुळे एक लांब खिसा न राहता डावा व उजवा असे दोन स्वतंत्र खिसे होतात आणि घडीच्या जागी एकच थर उरतो.

घडी घालण्यापूर्वी तिच्या रेषेवर चर पाडावा लागतो. पुस्तकबांधणी करणारे कारागीर यासाठी हाडाची किंवा लाकडाची गुळगुळीत घोटणी वापरतात. घरी शाई संपलेल्या बॉलपेनाचे टोक पट्टीच्या कडेने दाबून ओढले तरी काम होते. चर कागदाच्या बाहेरच्या बाजूवर पाडावा आणि घडी चराच्या विरुद्ध दिशेला घालावी, म्हणजे चरामुळे मागे आलेला बारीक उंचवटा घडीच्या आत राहतो आणि बाहेरच्या तंतूंवर ताण कमी पडतो. कापण्याचे पाते चर पाडण्यासाठी वापरू नये, कारण त्याने कागदाचा वरचा थर कापला जातो आणि कार्ड काही दिवसांनी त्या रेषेवर सुटते.

खिशातील चिठ्ठी बोटांनी सहज धरता यावी म्हणून प्रत्येक खिशाच्या वरच्या कडेला मध्यभागी नाण्याच्या आधाराने अर्धचंद्राकृती खाच कापावी. ही खाचही चिकटवण्यापूर्वीच कापायची असते. नंतर पट्टी वर दुमडून बाहेरच्या उभ्या कडेला पाच मिलिमीटर आणि मधल्या फटीच्या दोन्ही काठांना पाच-पाच मिलिमीटर रुंदीची चिकटाची रेघ द्यावी. फटीचे काठ चिकटवले नाहीत तर आतली वस्तू मधून निसटते. खिशावर सर्वाधिक ताण त्याच्या वरच्या दोन कोपऱ्यांवर येतो; शिंपी सदऱ्याच्या खिशाच्या कोपऱ्यांत जादा टाके घालतो, तसा येथे चिकटाचा एक जादा ठिपका द्यावा.

चिकटवण्यासाठी मैद्याची खळ आजही उत्तम आहे. एक भाग मैदा पाच ते सहा भाग थंड पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून मंद आचेवर चकचकीत होईपर्यंत शिजवला की खळ तयार होते. पुस्तकबांधणीत किडीपासून संरक्षणासाठी खळीत मोरचूद घालण्याची पद्धत आहे, परंतु मोरचूद विषारी असल्याने मुले हाताळणार असलेल्या किंवा खाऊची पुडी ठेवायच्या कार्डासाठी तशी खळ वापरू नये. फेव्हिकॉलसारखा पांढरा चिकट पदार्थ लवकर धरतो, पण त्यातही पाणी असते आणि पाण्याने कागदाचे तंतू लांबीपेक्षा रुंदीत अधिक फुगतात. म्हणून चिकट पातळ थरात लावून कार्ड उघडे ठेवावे आणि दोन कोऱ्या कागदांमध्ये, जाड पुस्तकांच्या वजनाखाली, रात्रभर दाबून वाळवावे. पावसाळ्यात माळव्याच्या दमट हवेत वाळण्यास याहून अधिक वेळ लागतो, आणि राखी श्रावणात येत असल्याने तिच्या कार्डाची सुरुवात काही दिवस आधीच करणे हिताचे असते.

तयार खिशाची आतली रुंदी सुमारे १३६ मिलिमीटर भरते. त्यात ठेवायची चिठ्ठी १२८ मिलिमीटर रुंद व १३० मिलिमीटर उंच घेतल्यास ती अडकत नाही, खिशाच्या वर स्पष्ट दिसते आणि तरीही कार्डाच्या वरच्या कडेच्या वीस मिलिमीटर खाली राहते. या चिठ्ठीवर मजकूर लिहिल्याने चूक झाली तरी संपूर्ण कार्ड वाया जात नाही. ही सोय मुलांसाठी विशेष उपयोगी पडते.

वस्तूप्रमाणे खिसा

वरील खिसा चिठ्ठी, छायाचित्र किंवा वाळलेले पान यांसारख्या सपाट वस्तूंसाठी पुरेसा आहे. वस्तूची जाडी तीन मिलिमीटरपर्यंत असेल, तर मधल्या एका घडीऐवजी चार मिलिमीटर अंतरावर दोन समांतर घड्या घालाव्यात. त्यामुळे पुस्तकाला असते तशी अरुंद पाठ कार्डाला मिळते आणि ते वस्तूसह सपाट मिटते. अशा वेळी मधला कापून काढायचा तुकडाही पाठीच्या रुंदीने वाढवावा लागतो. हलव्याच्या पुडीसारख्या फुगीर वस्तूसाठी खिसा वेगळ्या कागदाचा करून त्याच्या दोन्ही बाजूंना आत-बाहेर अशी एक-एक चुणी ठेवावी, म्हणजे खिसा गरजेपुरता उघडतो आणि रिकामा असताना पुन्हा बसतो. ग्रंथालयातील पुस्तकांच्या शेवटच्या पानावर पुस्तकाचे कार्ड ठेवण्यासाठी जो कागदी खिसा चिकटवलेला असे, तो अशा वेगळ्या लावलेल्या खिशाचा मराठी वाचकांच्या ओळखीचा नमुना आहे.

प्रत्येक वस्तूचा स्वभाव कागदाच्या दृष्टीने पाहावा लागतो. तिळगुळातील तेल कागदात उतरून पारदर्शक डाग पाडते आणि गूळ हवेतील ओल ओढून चिकट होतो. म्हणून टपालासाठी कोरडा साखरेचा हलवा अधिक योग्य, आणि तोही तेलकागदाच्या पुडीत बांधूनच खिशात ठेवावा. आपट्याचे ताजे पान ओलसर असल्याने ते वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून, कागद दोन-तीन वेळा बदलून, पूर्ण वाळवावे लागते. एका कार्डाला एकच पान पुरते, त्यामुळे सणासाठी फांद्या ओरबाडण्याची वेळ येत नाही. कुंकवाची पूड घट्ट घडीच्या स्वतंत्र पुडीत असावी. नाणी व नोटा साध्या पत्रातून टपालाने पाठवणे सुरक्षित नसल्याने अहेराचे खिशाचे कार्ड हातानेच द्यावे. लहान भेट कागदी आवरणात देण्याच्या प्रथा अन्यत्रही आहेत. चीनमध्ये नववर्षाला लाल पाकिटातून आणि जपानमध्ये ‘पोचीबुकुरो’ या चिमुकल्या पाकिटातून मुलांना पैसे दिले जातात, आणि तेथेही पाकिटाचा कागद व घडी यांकडे देणाऱ्याची आस्था म्हणून पाहिले जाते.

कार्ड टपालाने जाणार असेल तर वजनाचा हिशेब आधी करता येतो, कारण ए-४ कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटरचा जवळजवळ सोळावा भाग असते. २४० जीएसएमच्या एका ए-४ कागदाचे वजन सुमारे १५ ग्रॅम होते. वर दिलेल्या मापाच्या २०० जीएसएमच्या दोन चिठ्ठ्यांचे मिळून सुमारे साडेसहा ग्रॅम आणि १०० जीएसएमच्या कागदातून केलेल्या पाकिटाचे सुमारे सहा ग्रॅम धरले तर एकूण वजन २८ ग्रॅमच्या आसपास जाते. भारतात साध्या पत्राचा दर वीस-वीस ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतो, त्यामुळे असे कार्ड दुसऱ्या टप्प्यात पडते आणि त्याला एका पत्राचे तिकीट अपुरे ठरते. कमी तिकिटाचे पत्र स्वीकारणाऱ्याकडून वसुली होते, आणि शुभेच्छेची सुरुवात अशा वसुलीने होऊ नये म्हणून टपाल कार्यालयात वजन करून घेणे श्रेयस्कर.

हाताचे काम आणि इंदूरचा वारसा

हाताने कागदाचे काम करण्याला शिक्षणात जे स्थान मिळाले, त्यामागे निश्चित विचार होता. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शालेय शिक्षणात कार्यानुभवाची शिफारस केली आणि १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची कल्पना पुढे मांडली. महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी कार्यानुभवाच्या तासाला भेटकार्डे केली ती या धोरणामुळेच. खिशाचे कार्ड या हेतूला विशेष अनुरूप आहे, कारण त्यात माप घेणे, निम्मे करणे, समांतर व लंब रेषा, क्षेत्रफळावरून वजन काढणे आणि कागद, ओल व चिकट यांचे गुणधर्म पडताळणे हे सर्व एकाच कृतीत येते आणि चुकीचा परिणाम लगेच डोळ्यांना दिसतो.

इंदूरला या बाबतीत स्वतःची परंपरा आहे. १९२७ मध्ये दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या येथील चित्रकला शाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखे चित्रकार पुढे आले. याच परंपरेतील विष्णू चिंचाळकर, ज्यांना इंदूरकर आदराने गुरुजी म्हणत, यांनी वाळलेली पाने, काटक्या, फाटके कागद आणि टाकाऊ वस्तू यांतून आकृती शोधण्याची दृष्टी मुलांना दिली. वस्तू विकत घेण्याआधी ती पाहायला शिकावे, ही त्यांच्या कामाची दिशा होती. वाळलेले आपट्याचे पान आणि जुनी लग्नपत्रिका यांपासून झालेले कार्ड त्याच दृष्टीच्या जवळचे आहे.

याचा व्यवहाराशीही संबंध आहे. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात सातत्याने अग्रस्थानी राहिलेल्या इंदूर परिसरात ओला व सुका कचरा वेगळा देणे नागरिकांच्या अंगवळणी पडले आहे. चमकी, थर्माकोल, प्लॅस्टिकचा पापुद्रा आणि चिकटपट्टी यांनी सजवलेल्या कार्डाचा पुन्हा कागद करणे अवघड होते. केवळ कागद, खळ व दोरा यांचे कार्ड मात्र सुक्या कचऱ्यातून पुन्हा लगद्याकडे जाऊ शकते. सजावट करायचीच असेल तर कापून काढलेली नक्षी, रंगीत कागदाचा थर किंवा सुईने भोके पाडून केलेली जाळी यांनी ती कागदाच्या आतच साधता येते.

वर वर्णन केलेल्या कार्डात दोन खिसे आहेत, पण ते दोन्ही भरून पाठवण्याची गरज नाही. एका खिशात वस्तू व मजकूर ठेवून दुसऱ्यात एक कोरी चिठ्ठी ठेवली, तर स्वीकारणाऱ्याला तिच्यावर उत्तर लिहून तेच कार्ड परत पाठवता येते किंवा त्या खिशात त्या वर्षीचे एखादे छायाचित्र जपून ठेवता येते. चांगल्या कागदाचे, धार पाहून दुमडलेले आणि कोपऱ्यांत नीट चिकटवलेले कार्ड अशी देवघेव सहज सोसते; पुढच्या संक्रांतीला तोच खिसा पुन्हा भरून पाठवता येणे हीच त्याच्या बनावटीची खरी परीक्षा आहे.